दौलतभाऊ जपानात जेवतात

"अरे वाढा ना याले कोणीतरी! वाडगं रिकामं झालं याचं! डोळे फुटले का सगळ्याईचे?"

ओसाका शहरातल्या एका नूडल्सच्या दुकानात दौलतभाऊ हे ओरडले, तेव्हा दुकानातली वाफसुद्धा जागच्या जागी थांबली. दुकान कसलं, आमच्या आर्णीच्या पानठेल्यापेक्षा चार बोटं मोठं. दारातल्या मशीनचं बटण दाबायचं, चिठ्ठी निघते, ती आचाऱ्याला द्यायची, भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायचं, खायचं आणि निघायचं. कोणी कोणाशी बोलत नाही. भाऊंच्या शेजारी टाय लावलेला एक वयस्कर गृहस्थ होता. त्याच्या नूडल्स संपल्या होत्या आणि नुसता रस्सा उरला होता. भाऊंना ते बघवेना. त्यांनी त्या माणसाचा वाडगा उचलला आणि थेट आचाऱ्याच्या नाकासमोर धरला.

आता झालं असं, की त्या दुकानात वाडगा पुढे करणं म्हणजे आणखी नूडल्स मागणं. आचाऱ्याने गपकन वाढल्या. भाऊंनी वाडगा त्या गृहस्थापुढे ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "घ्या. लाजाचं काम नाही. पोटाले विचारा, तोंडाले नोका विचारू."

तो बिचारा नूडल्सकडे बघतो, भाऊंकडे बघतो, पुन्हा नूडल्सकडे बघतो. शेवटी खाल्ल्या त्याने. मग उठून इतका वाकला, की टाय रश्श्यात बुडाला. भाऊ दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या वाडग्यात डोकावणार, तेवढ्यात त्यांची लेक सुवर्णा हिने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर रांगेत उभी असलेली माणसं भाऊंना दुकानाचा मालक समजून नमस्कार करत होती. खोटं वाटत असेल तर सुवर्णाला विचारा.

दौलतभाऊ म्हणजे आमच्या आर्णी तालुक्यातले नामांकित आग्रही. अंगाने तुरीच्या काडीसारखे, मिशी पांढरी, खांद्यावर दुपट्टा आणि आवाज असा, की त्यांनी शेतातून हाक मारली तर पुसदच्या बाजारात म्हशी माना वळवत. लग्न कोणाचंही असो, पंगतीत आग्रहाला दौलतभाऊ. त्यांच्या हातून कोणी अर्ध्या पोटी उठला असं झालं नाही. एकदा वराकडचा एक पाहुणा जिलबीला घाबरून हात धुवायच्या निमित्ताने सटकला आणि पुसदची एसटी धरून बसला. भाऊंनी मोटारसायकल काढली, दिग्रसच्या अलीकडे गाडी आडवी घातली आणि खिडकीतून जिलबी दिली. कंडक्टरला दोन दिल्या. ड्रायव्हर मधुमेही निघाला, म्हणून त्याला मठ्ठा.

या खेळाचे नियम आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतात. वाढणारा 'घ्या' म्हणतो. जेवणारा 'नको, बस' म्हणत ताटावर हात आडवा धरतो. हे पहिलं 'नको' खरं नसतं. दुसऱ्यांदा विचारल्यावर हात जरा वर उचलायचा, आणि तिसऱ्यांदा 'अरे, कायले, कायले' करत पोळी ताटात पडू द्यायची. पहिल्याच झटक्यात 'हो' म्हणणारा हावरट ठरतो, आणि पहिल्याच 'नको'वर पुढे सरकणारा वाढपी माणसातून उठतो.

भाऊंच्या या आग्रहाला लोक हसत. मीही हसायचो. मग एकदा भाऊंनीच मला त्याचं मूळ सांगितलं. त्यांची धाकटी बहीण कमल राळेगावकडे दिली होती. घर मोठं, शेती भरपूर, माणसं बोलायला गोड. पहिल्या पंचमीला ती माहेरी आली, तर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, भिंतीकडे तोंड करून घासामागून घास कोंबत होती. भाऊंनी विचारलं, "बसून काहून नाही जेवत?" ती म्हणाली, "सवय झाली दादा. तिथं मले कोणी 'घे' म्हणत नाही. अन् मागितलं तं हावरी म्हणते." दोन वर्षांत तिच्या अंगावरचं लुगडं दोरीवर वाळत घातल्यासारखं दिसायला लागलं. भाऊ गेले आणि तिला घेऊन आले, कायमची.

"मास्तर," भाऊ मला म्हणाले, "सोनं पाह्यलं, वावर पाह्यलं, बैल मोजले. तिच्या ताटात कोण वाढन, थे पाह्यलं नाही. माह्या पोरीच्या टायमाले मी पयले थेच पाहीन."

आणि पोरीने तो टाइम आणला तो थेट जपानातून. सुवर्णा नर्सिंग शिकली, तिकडची भाषा शिकली आणि ओसाकाच्या एका वृद्धाश्रमात कामाला लागली. तिथेच हिशेबाचं काम पाहणारा केंजी नावाचा मुलगा. एक दिवस फोन आला, "बाबा, मले याच्याशी लगन करायचं हाये." घरात चूल थंड पडली. सुवर्णाची आई निर्मलावहिनी देवापुढे बसल्या. भाऊंनी मात्र एकच प्रश्न विचारला, "घरी कोण कोण हाये?"

"तो अन् त्याची आई. गावाकडं राह्यते. भाताची शेती हाये त्याईची."

"मंग मी येतो. त्याच्या घरी जेवतो. पोट भरलं तं हो, नाही तं तू सामान बांधून माह्यासंग वापस."

सुवर्णा बापाला ओळखत होती. "ठीक हाये," म्हणाली. वहिनींना विमानाची धास्ती, म्हणून सोबतीला मी. का, तर मास्तर, म्हणजे इंग्रजी येणारच! मी चौथीच्या पोरांना ए फॉर ॲपल शिकवलं होतं, त्या भांडवलावर मी जपानला गेलो.

गावाकडे जायच्या आधी केंजीने सुट्टी काढून आम्हाला ओसाका फिरवलं. म्हणजे खाऊ घातलं. जपानात कुठे आणि काय खावं यावर हल्ली लोक मला सल्ला मागतात. मी तेवढंच सांगतो जे भाऊंसोबत पाहिलं.

हॉटेलांच्या काचेत प्रत्येक पदार्थाची मेणासारखी हुबेहूब प्रतिकृती मांडलेली असते. वाचता येत नसेल तर बोट दाखवायचं. भाऊंनी पहिल्या काचेवर टकटक केलं आणि आत जाऊन मालकाला वऱ्हाडीत सांगितलं, "भाऊ, उन्हात नोको ठेवू, नासते." चौकात एक बाई लोखंडी खळग्यांत गोल गोल काही भाजत होती. भाऊ म्हणाले, "अप्पे!" आत ऑक्टोपस निघाला. भाऊंनी तो चावून गिळला आणि म्हणाले, "अप्प्यात बसला म्हणजे अप्पाच." कोबी घालून तव्यावर थापलेलं जाडजूड धिरडं त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी त्या आचाऱ्याला आर्णीला दुकान टाकायची जागा देऊ केली. आणि नूडल्स तिथे सगळे जण मोठ्ठा आवाज करून ओढतात. कढीचा भुरका मारला म्हणून वहिनींनी ज्या माणसाला जन्मभर टोकलं, तो माणूस त्या दुकानात डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "ऐक मास्तर. सगळे आपलेच लोक."

हिरव्या वाटणाची गोळी त्यांनी ठेचा समजून अख्खी तोंडात टाकली. आम्ही पाणी घेऊन धावलो. डोळ्यांतून धारा लागलेल्या, तरी माणूस विचारात पडलेला. "तिखट हाये," म्हणाले, "पण रस्ता चुकून राह्यलं. जिभेवर न थांबता नाकात चाल्लं."

सगळ्यात जास्त ते हरखले एका मोठ्या दुकानाच्या तळघरात. तिथे खाण्याच्या वस्तूंचा बाजार आणि पोरी काडीला टोचून नमुना पुढे करणाऱ्या. भाऊ प्रत्येक वस्तू उचलून केंजीला विचारत, "हे कायचं?" केंजी सुवर्णाकडे बघे आणि सुवर्णा म्हणे, "सोयाबीन, बाबा." पांढरी वडी? सोयाबीन. काळं पाणी? सोयाबीन. सूपात घालायचा तपकिरी लगदा? सोयाबीन. भाऊ वीस-पंचवीस वर्षं सोयाबीन पेरत होते, पण दाणा कधी चाखला नव्हता. ते मटकन एका बाकावर बसले. "मास्तर, आपण हे पोत्यात भरून विकतो अन् मोकळे होतो. हे लोक उठल्यापासून झोपेपर्यंत खाऊन राह्यले!" मग त्यांनी आंबवलेलं चिकट, तारा सुटणारं सोयाबीनही मागून घेतलं. वास घेतला. "हे मात्र आपल्या गोदामात भिजलेल्या पोत्यासारखं हाये," म्हणाले आणि संपवलं.

एका दुकानात भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेल्या ताटल्या पट्ट्यावरून फिरत येतात. भाऊ बराच वेळ बघत राहिले. "माणूस बसलेला, वाढपी गायब, अन् ताटं गावभर फिरून राह्यले. लाज नाही वाटत?" तरी भूक होती. ताटली समोर आली की भाऊ हात आडवा धरून "नको, नको" म्हणत. ती निघून जाई. फेरी मारून तीच ताटली पुन्हा आली की म्हणत, "पाह्य, दुसऱ्यांदा विचारलं," आणि उचलत. यंत्रालासुद्धा रीत कळते म्हणून खूश! आम्ही हसून हसून लोळलो. त्या हसण्यात पुढचं संकट होतं, हे आम्हा शहाण्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग केंजीच्या गावी गेलो. दोन गाड्या बदलून, डोंगरांच्या कुशीत. बांध आखून दिल्यासारखी भाताची शेतं. केंजीची आई दारातच उभी होती. लहानखुरी बाई, पांढरे केस मागे बांधलेले, हातांना शेतकामाचे घट्टे. भाऊंनी पहिल्यांदा ते हात पाहिले आणि मला कोपर मारलं. पसंतीची खूण होती ती. वाटेत सुवर्णा माझ्या कानात म्हणाली होती, "काका, आज बाबाले सांभाळा. इथून 'नाही' झालं तं मी बाबाचं मन मोडणार नाही. पण मंग मी आयुष्यात कोणाशीच लगन करणार नाही." हे बोलताना तिचा आवाज बापासारखा मोठा नव्हता. अगदी साधा होता. म्हणून मला जास्त भीती वाटली.

बैठं मेज, खाली चटईची जमीन. प्रत्येकापुढे स्वतंत्र वाट्या. भाजलेला मासा, अंड्याची गोडसर वळकटी, कमळाच्या कंदाच्या चकत्या, एक खारवलेलं आंबट फळ, आणि मध्ये भोपळ्याच्या नि वांग्याच्या भज्यांचं ताट. सगळ्यांनी हात जोडले, दोन शब्द म्हटले आणि जेवायला सुरुवात झाली. आंबट फळ तोंडात घालताच भाऊंचा चेहरा सुकलेल्या कारल्यासारखा झाला. भोपळ्याची भजी मात्र एकामागून एक जात होती. बाई काही बोलत नव्हती. केंजी बोलत नव्हता.

भाऊंची भाताची वाटी संपली. बाईने भाताच्या लाकडी बादलीचं झाकण काढलं, उलथणं हातात घेतलं आणि भाऊंकडे पाहिलं. माझ्या जिवात जीव आला. आग्रह सुरू!

भाऊंनी रीतीप्रमाणे वाटीवर हात आडवा धरला. "नको, नको. बस झालं."

सुवर्णाने भाषांतर करायची गरजच नव्हती. बाईने मान लववली, उलथणं खाली ठेवलं आणि झाकण लावलं.

भाऊंचा हात वाटीवर तसाच. दुसरी वेळ येईल म्हणून बघताहेत. झाकण निघेना. सुवर्णा काही बोलणार, तोच भाऊंनी तिला डोळ्याने दाबलं. मध्यस्थीने मागितलेला भात म्हणजे मागितलेलाच भात. ताटात शेवटचं एक वांग्याचं भजं उरलं होतं. भाऊ घेईनात, कारण कोणी 'घ्या' म्हणेना. ती माणसंही घेईनात, कारण शेवटचा तुकडा पाहुण्यासमोर उचलणं त्यांच्यात बसत नाही. त्या एका भज्याने पाच माणसं वेठीला धरली. शेवटी बाईने ताटच आत नेलं.

अंगणात आल्यावर भाऊ एवढंच म्हणाले, "मास्तर, राळेगाव." मला सगळं कळलं. सुवर्णालाही कळलं. केंजी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला काय सांगणार? की बाबा रे, तुझं लग्न भाताच्या झाकणाखाली अडकलंय?

सकाळी आम्ही तिघे निघालो. केंजीला गावात काम होतं. स्टेशनवर बाई आली, प्रत्येकाच्या हातात कापडात बांधलेला एकेक डबा दिला, मान लववली आणि गाडी हलेपर्यंत तशीच उभी राहिली. सुवर्णा खिडकीकडे तोंड करून बसली. आदल्या संध्याकाळपासून ती बापाशी एक अक्षर बोलली नव्हती.

भूक कोणाचं ऐकते? आणि गाडीत डबा उघडून जेवणं तिथे रीतीचंच आहे. भाऊंनी गाठ सोडली. मीही सोडली. खायला सुरुवात करणार, तोच भाऊ म्हणाले, "थांब. तुह्या डब्यात थे आंबट फळ हाये?"

"हाये. दोन हायेत." मला ते आवडलं होतं.

"माह्यात नाही."

भाऊंनी माझा डबा ओढून स्वतःच्या डब्याशेजारी ठेवला. माझ्या डब्यात भोपळ्याचं भजं नव्हतं. त्यांच्या डब्याची अर्धी बाजू भोपळ्याच्या भज्यांनी भरलेली. मला मासा काटे काढून दिला होता, कारण काल माझ्या घशात काटा अडकला होता. भाऊंच्या डब्यात भात माझ्या दुप्पट, दाबून दाबून भरलेला.

"सुवर्णा, तू सांगतलं का इले?"

"मी कायले सांगू?" ती खिडकीकडेच बघत म्हणाली. "मी तं सकाळी झोपूनच होते."

भाऊ गप्प. त्यांना गप्प बसलेलं मी त्याआधी फक्त दाताच्या डॉक्टरकडे पाहिलं होतं. मग त्यांनी एक भजं उचललं, चावलं आणि सावकाश बोलू लागले. "म्हंजे, मी काय खाल्लं, काय ठेवलं, सगळं पाहून राह्यली होती ही बाई. मास्तर, कमलच्या सासरी बोलाले खूप माणसं होते. 'ये माय, बस माय.' पण तिच्या ताटात कोणी पाह्यलं नव्हतं." आणखी एक भजं गेलं. "सुवर्णा."

"काय?"

"तुह्या सासूले फोन लाव. सांग, भजे लय चांगले झाले."

सुवर्णा वळली. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने गाडीतल्या सगळ्या लोकांसमोर बापाच्या दुपट्ट्यात तोंड खुपसलं. गाडीत फोनवर बोलू नये अशी पाटी होती. भाऊंनी जपानच्या त्या शांत गाडीत विहीणबाईंचे आभार इतक्या मोठ्याने मानले, की फोन नसता तरी त्यांना ऐकू गेले असते.

लग्न झालं. आर्णीत पंगत झाली. विहीणबाई भाताच्या लावणीमुळे येऊ शकल्या नाहीत. केंजीला भाऊंनी स्वतः वाढलं. त्या गरीब मुलाने पहिल्याच वेळी 'हो' म्हटल्यामुळे त्याच्या ताटात जिलब्यांचा मनोरा झाला, आणि आपल्याला शिक्षा झाली की सन्मान हे त्याला अजून समजलेलं नाही.

एक गोष्ट मात्र भाऊंच्या डोक्यातून गेली नाही. पारावर बसलं की विषय काढत, "पाहून राह्यली होती, तं मंग दुसऱ्यांदा विचारलं काहून नसन?" त्यांनी तऱ्हेतऱ्हेचे तर्क केले. भात कमी पडला असेल. उलथण्याचा काही नेम असेल. नवऱ्यामागे एकटी बाई, परक्या माणसाला आग्रह करायला लाजली असेल. मी म्हणायचो, "फोन करून विचारा." ते म्हणत, "छ्या! जेवणाचं असं फोनवर विचारते का कोणी? विहीणबाई येतीन तेव्हा विचारीन." तिकडे निघालेल्या माणसाला मात्र आवर्जून सांगत, "कोणी भात दाखवला तं पयल्याच झटक्यात हो म्हण. तिथं दुसरा झटका नाही."

ते विचारणं राहून गेलं. यंदा पोळ्याच्या आधी भाऊ दुपारी जेवून ओट्यावर आडवे झाले ते उठले नाहीत. वहिनी म्हणतात, त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला होता. तेरवीला सुवर्णा आणि केंजी आले, आणि सोबत विहीणबाई आल्या. मांडवात बसून त्या जेवत होत्या, शांतपणे, एकेक घास. कमल त्यांना वाढत होती. मला राहवलं नाही. भाऊंच्या वतीने मीच विचारलं. सुवर्णाला म्हटलं, "यांना विचार, त्या दिवशी भाऊंना दुसऱ्यांदा भात का नाही विचारला? भाऊंना फार जाणून घ्यायचं होतं."

सुवर्णाने विचारलं. बाईंनी घास गिळला, माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि काहीतरी बोलून पुन्हा जेवायला लागल्या.

"काय म्हणाल्या?"

"त्या म्हणते," सुवर्णा म्हणाली, "थे नको म्हणले होते."